'उद्यापासून येऊ नको' हे लेखी मागा

कॉलेजातली आंदोलनं आणि त्यानंतर विद्यार्थ्यांवर होणारी कारवाई यावर आम्ही प्रश्न मागवले होते. यवतमाळ, बुलढाणा, चंद्रपूर, गडचिरोली अशा सगळ्या बाजूंनी पत्रं आली. लिहिणाऱ्यांची आणि त्यांच्या कॉलेजांची ओळख पटेल असं सगळं मी काढून टाकलं आहे. मी तालुक्याच्या न्यायालयात वकिली करते आणि अशी मुलं माझ्याकडे येत असतात. पत्रांत जे दिसलं तेच मला तिथेही दिसतं. शिक्षा होऊन गेलेली असते, पण तिचा कागद कोणाजवळच नसतो. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे ती त्यामुळे.

वकीलताई, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. केळापूर तालुक्यातल्या गावातून रोज एसटीने कॉलेजात येते. आमच्या कॉलेजात मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही. अर्ज देऊन झाले. शेवटी आम्ही वीसेक मुली प्राचार्यांच्या ऑफिसपुढच्या व्हरांड्यात बसलो, घोषणा दिल्या. कोणाचा रस्ता अडवला नाही. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या चौघींची आयकार्डं जमा करून घेतली आणि 'उद्यापासून येऊ नको, बापाले घेऊन ये' असं सांगितलं. बाबा कापसाची वेचणी सोडून आले. त्यांना बाहेर बसवून ठेवलं आणि मग एका छापील माफीनाम्यावर माझी सही मागितली. परीक्षेचा फॉर्म भरायला थोडेच दिवस राहिलेत. ऑफिसातले बाबू म्हणतात, सरांनी सांगितल्याशिवाय तुझा फॉर्म पुढे जाणार नाही. सही करून टाकू का?

आधी परीक्षेचा फॉर्म, बाकी सगळं नंतर. आजच प्राचार्यांच्या नावे अर्ज लिही. त्यात एवढंच असू दे: 'अमुक तारखेला माझं ओळखपत्र जमा करून मला वर्गात बसण्यास मनाई करण्यात आली. याबाबत मला कोणताही लेखी आदेश मिळालेला नाही. आदेश असल्यास त्याची प्रत द्यावी. नसल्यास ओळखपत्र परत करावे, वर्गात बसू द्यावे व माझा परीक्षेचा अर्ज मुदतीत स्वीकारावा.' अर्जात राग नको, विशेषणं नकोत, स्वच्छतागृहाचा विषयही इथे नको, त्याचा अर्ज वेगळा. दोन प्रती काढ. एक आवक-जावक बघणाऱ्या लिपिकाकडे दे आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घे. शिक्का मारायला नाही म्हणाले तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठव, पावती सांभाळून ठेव आणि कॉलेजच्या ईमेलवरही टाक. एक प्रत अमरावती विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना पाठव, कारण फॉर्मची तारीख त्यांच्या हातात आहे. फॉर्म ऑनलाइन भरता येत असेल तर तू तुझ्याकडून भरून ठेव आणि त्याची प्रिंट काढ. नंतर कोणी म्हणायला नको की मुलीने फॉर्मच भरला नव्हता.

या कागदावर मी एवढी का अडून बसते ते सांगते. आपल्याकडे कॉलेजची शिक्षा तोंडी चालते. आयकार्ड घेतात, हजेरीपटावरचं नाव वगळतात, शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनमध्ये पडून राहतो, बापाला बोलावतात. यातल्या एकाही गोष्टीचा आदेश निघत नाही. आदेश नाही म्हणजे दाद कशाविरुद्ध मागायची, हाच प्रश्न उरतो. विद्यापीठाकडे गेलं तर ते म्हणतात, कॉलेजने काही केलंच नाही. तुझा बाप वेचणीच्या दिवसात मजुरी बुडवून आला, ती तुझ्या घराला झालेली शिक्षाच आहे, आणि तिची नोंद कुठेच नाही. तुझ्या अर्जाने कॉलेजपुढे दोनच रस्ते राहतात. एक तर लेखी आदेश काढायचा आणि त्याची कारणं द्यायची, नाही तर तुला वर्गात घ्यायचं. बहुतेक ठिकाणी दुसरं होतं, कारण लिहायला बसलं की कारण सापडत नाही.

समजा, त्यांनी आदेश काढलाच. तरी कायदा तुझ्या बाजूने काही मागतो. शिक्षा देण्याआधी तुझ्यावर नेमका आरोप काय ते लेखी सांगणं, उत्तर द्यायला वेळ देणं आणि तुझं म्हणणं ऐकणं. उत्तर प्रदेशच्या माध्यमिक परीक्षा मंडळाने काही विद्यार्थ्यांचे निकाल त्यांचं काही न ऐकता रद्द केले होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६२मध्ये न्यायालयाने सांगितलं की ज्या निर्णयाने विद्यार्थ्याच्या आयुष्यावर इतका परिणाम होतो, तो त्याला संधी न देता घेता येत नाही. हे पूर्ण चित्र नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगते. रांचीच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलांनी मुलींच्या वसतिगृहात शिरून गैरवर्तन केलं होतं. मुलींचे जबाब मुलांच्या गैरहजेरीत घेतले, उलटतपासणी करू दिली नाही, तरी १९७३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती चौकशी योग्य ठरवली. कॉलेजची चौकशी म्हणजे कोर्टाचा खटला नाही, आणि त्या मुलींना मुलांसमोर उभं करणं अन्याय झाला असता. म्हणजे 'मला वकील द्या, साक्षीदार बोलवा' असं तू म्हणशील तर ते मिळेलच असं नाही. पण आरोप सांगणं आणि ऐकून घेणं, यातून कुठल्याही कॉलेजची सुटका नाही.

आपल्या शेजारचंच उदाहरण आहे. ऑक्टोबर २०१९मध्ये वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाने सहा विद्यार्थ्यांना काढून टाकलं. झुंडबळीसारख्या घटनांबद्दल पंतप्रधानांना सामूहिक पत्र लिहिण्याचा कार्यक्रम विद्यार्थ्यांनी ठेवला होता. विधानसभेची निवडणूक होती, म्हणून आचारसंहितेचा भंग केल्याचं कारण आदेशात दिलं. काही दिवसांतच विद्यापीठाला तो आदेश मागे घ्यावा लागला, आणि मागे घेताना तांत्रिक त्रुटी व नैसर्गिक न्याय हीच कारणं त्यांनी सांगितली. त्या मुलांजवळ आदेशाचा कागद होता म्हणून तो देशभर वाचला गेला आणि त्यातल्या चुका दिसल्या. आदेश तोंडी असता तर सहा मुलं गुपचूप घरी गेली असती.

आता माफीनामा. जो मजकूर घडलेला नाही त्यावर सही करू नको. छापील माफीनाम्यात बहुतेक वेळा 'मी गैरवर्तन केले, कार्यालयीन कामात अडथळा आणला, इतर विद्यार्थिनींना भडकावले' असं असतं. पुढे चौकशी झाली की हाच कागद कबुलीजबाब म्हणून समोर येतो. तुला खरंच एखाद्या गोष्टीचं वाईट वाटत असेल, म्हणजे घोषणांनी शेजारच्या वर्गाला त्रास झाला असेल, तर तेवढंच तुझ्या हाताने, तुझ्या शब्दांत लिहून दे. त्यात कमीपणा नाही. सही करायच्या आधी फोटो काढ. बाबांना सही करायला सांगत असतील तर त्यांनाही हे समजावून सांग. आपल्याकडचा बाप ऑफिसात गेला की समोर ठेवलेल्या कागदावर सही करून मोकळा होतो, कारण त्याला वाटतं यानेच मुलगी वाचेल.

फॉर्म गेला की उरलेली तक्रार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे टाक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या नियमांप्रमाणे ही समिती असणं बंधनकारक आहे, आणि विद्यार्थ्याचा छळ किंवा त्याच्यावर सूड हाही तिच्या कक्षेतला विषय आहे. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्याने समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं, त्यांना ३० दिवसांची मुदत आहे. कॉलेजात समितीच नसेल तर माहिती अधिकारात विचार: समितीची स्थापना कधी झाली, सदस्य कोण, माझ्यावरील कारवाईचा आदेश असल्यास त्याची प्रत. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाहीत. अनुदानित कॉलेजला ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

आणि स्वच्छतागृहाच्या पाण्याचा वेगळा अर्ज मात्र सोडू नको. तुम्ही बसलात ते त्याच्यासाठी. उच्च शिक्षण विभागाच्या अमरावतीच्या सहसंचालकांना प्रत पाठव.

मॅडम, मी घाटंजी तालुक्यातला शेतकरी आहे. आमच्या घरातला पहिला पोट्टा कॉलेजात गेला. शिष्यवृत्तीसाठी तहसीलवर मोर्चा होता, त्याच्या आदल्या दिवशी पोलिसांनी त्याच्या हातात नोटीस दिली, कलम १४९ची म्हणतात. तो पोलीस भरतीची तयारी करतो, पहाटे उठून धावायला जातो. आता त्याची भरती गेली का? मी त्याला मोर्चा सोड म्हणून बोललो, तो जेवला नाही त्या दिवशी.

भाऊ, भरती गेलेली नाही. नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४९ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६८ झालं आहे. १ जुलै २०२४पासून नवे कायदे लागू आहेत, पण पोलीस ठाण्यात तोंडी अजून जुनेच आकडे चालतात. या कलमाखाली पोलीस गुन्हा घडू नये म्हणून आधी सांगून ठेवतात. नोटीस घेऊन मुलगा शांतपणे मोर्चात चालला तर त्याने काही मोडलेलं नाही. नोटीस जपून ठेवा, घेताना पोचावर तारीख टाका.

पोलिसांचे वेगवेगळे कागद एकच समजू नका. नोटीस निराळी. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी ताब्यात घेऊन संध्याकाळी सोडलं, ती प्रतिबंधक कारवाई निराळी. याच नव्या संहितेच्या कलम १७०खाली अशी अटक २४ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, त्यापुढे ठेवायला दुसरा कायदेशीर आधार लागतो. एफआयआरमध्ये नाव येणं त्याच्या पुढचं, दोषारोपपत्र दाखल होणं त्याच्याही पुढचं. पोरावर यातलं काय झालंय हे कागद पाहिल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. गावात 'केस पडली' म्हणतात तेव्हा पुष्कळदा फक्त नोटीस असते.

समजा, उद्या गुन्हा दाखल झालाच. भरतीच्या अर्जात आणि चारित्र्य पडताळणीच्या नमुन्यात गुन्ह्याबद्दल जो प्रश्न असेल त्याचं उत्तर खरं लिहायचं. हे तुमच्या मुलाला माझं नाव सांगून बजावा. नोकऱ्या जातात त्या मुख्यतः लपवल्यामुळे. २०१६मध्ये अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याची सगळी तत्त्वं एकत्र मांडली. त्यात स्पष्ट लिहिलंय की तरुण वयात घोषणा दिल्यासारखं किरकोळ प्रकरण असेल तर ते लपवलं गेलं तरी नेमणूक करणारा अधिकारी त्याच्याकडे दुर्लक्ष करू शकतो. हा त्याचा अधिकार आहे, बंधन नाही, म्हणून त्याच्यावर विसंबू नका. खरं लिहा. पोलीस दलासारख्या नोकरीत पडताळणी जास्त कडक असते हेही खरं, आणि दगडफेक, मारहाण, जाळपोळ अशी कलमं लागली तर मी तुम्हाला धीर देणार नाही. म्हणून मोर्चात कोणाच्या बाजूला चालायचं हे मुलाने बघावं. कोणी दगड उचलला तर तिथून बाजूला व्हावं, आणि बाजूला झाल्याचं दिसावं.

राजकीय व सामाजिक आंदोलनांतले गुन्हे मागे घेण्याचे निर्णय राज्य सरकार वेळोवेळी घेतं. पण गुन्हा सरकारच्या जाहीर करण्याने संपत नाही. सरकारी वकिलाने अर्ज द्यावा लागतो आणि न्यायालयाने परवानगी द्यावी लागते. सभेत 'सगळे गुन्हे मागे घेतले' ऐकून मुलं तारखेला जायची थांबतात आणि वॉरंट निघतं. असं होऊ देऊ नका.

मुलाशी बोला, भाऊ. शिष्यवृत्ती त्याच्या हक्काची आहे आणि ती मागताना तो तुमच्या घराचंच ओझं उचलतो आहे.

आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या कॉलेजात एम.ए.ला आहोत, गोंडवाना विद्यापीठात. परिसरात धरणं धरायला परवानगी लागते का? प्राचार्य म्हणतात, जिल्ह्यात ३७(३) लागू आहे, पाच जण जमले तरी गुन्हा. संविधानात तर एकत्र जमण्याचा हक्क आहे.

हक्क आहे. कलम १९(१)(ब), शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा. १९६२मध्ये कामेश्वर प्रसाद प्रकरणात बिहार सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांच्या कोणत्याही निदर्शनावर घातलेली सरसकट बंदी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण शांत निदर्शन हा म्हणणं मांडण्याचाच एक प्रकार आहे. १९७२मध्ये हिम्मतलाल शाह प्रकरणात सांगितलं की रस्त्यावरच्या सभांचं नियमन करता येतं, पण परवानगीच्या नावाखाली हवं तेव्हा नाही म्हणण्याचा मोकळा अधिकार पोलिसांना नाही. पण रेल्वे कर्मचाऱ्यांच्या सभांबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा १९६९चा निकालही वाचा: दुसऱ्याच्या आवारात सभा घेण्याचा हक्क संविधानाने दिलेला नाही, जागा ज्याची त्याने ती कशी वापरायची हे ठरवावं. कॉलेज या दोन टोकांच्या मधे आहे. आवार संस्थेचं, पण तुम्ही तिथले पाहुणे नाही, तुमच्या शिक्षणासाठीच ते उभं आहे. म्हणून कॉलेज जागा आणि वेळ ठरवू शकतं, वर्ग आणि ग्रंथालयापासून दूर बसा म्हणू शकतं. वर्षभर कुठेच बसायचं नाही असा फतवा काढला तर त्याला आव्हान द्यायला जागा आहे.

३७(३)बद्दल. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१चं हे कलम आहे. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय हा मनाई आदेश १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. आदेश लेखी असतो, त्यात तारखा असतात, परवानगी कोणाकडून घ्यायची हेही सहसा लिहिलेलं असतं. प्राचार्यांकडे त्याची प्रत मागा, जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर बघा. आदेश चालू असेल तर तो मोडून बसू नका, परवानगीचा अर्ज करा आणि नकार आला तर तो लेखी घ्या. मुदत संपलेल्या आदेशाची भीती किती कॉलेजं दाखवतात हे मी पाहिलंय.

निवेदन देताना तारीख, वेळ, जागा, किती जण, जबाबदार कोण हे लिहा. हॉल तिकीट, प्रयोग परीक्षा यांचे दिवस टाळा. फलकावर कॉलेजचं किंवा विद्यापीठाचं नाव संघटनेच्या नावाला जोडू नका. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतल्या एका दलित संशोधकाला एप्रिल २०२४मध्ये दोन वर्षांसाठी निलंबित केलं होतं. दिल्लीच्या मोर्चात तो ज्या फलकाखाली चालला त्यात संस्थेचं नाव होतं, आणि ती भूमिका संस्थेचीच आहे असा समज झाला, हे कारण मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये त्याची याचिका फेटाळताना मान्य केलं. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निलंबन तोवर भोगलेल्या काळापुरतं मर्यादित केलं. तोपर्यंत त्याचं एक वर्ष गेलं होतं. मला हा उच्च न्यायालयाचा निकाल पटलेला नाही. संशोधक कोणत्या बाजूने बोलतो यावर त्याची दोन वर्षं ठरू नयेत. पण तुम्ही निकाल पटला की नाही हे बघून फलक रंगवायचे नाहीत, सुरक्षित कसं राहता येईल हे बघून रंगवायचे.

मी बुलढाणा जिल्ह्यात प्राध्यापक आहे. तुमच्या सदरात नेहमी विद्यार्थ्यांचीच बाजू असते. आमच्याकडे मुलांनी मुख्य गेटला कुलूप लावलं. महिला सहकारी संध्याकाळपर्यंत आत अडकल्या, एकीचं बाळ घरी होतं. आम्ही काहीच करायचं नाही का?

सर, करायचंच. माणसांना आत कोंडून ठेवणं हे शांततापूर्ण निदर्शन कधीच नव्हतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७खाली तो गुन्हा आहे, आणि तुमच्या सहकारी बाईंनी तक्रार दिली तर मी त्यांच्या बाजूने उभी राहीन. माझ्याकडे येणाऱ्या मुलांनाही मी हेच सांगते.

पण कारवाई कशी करता यावर पुढचं सगळं ठरतं. कुलूप कोणी लावलं ते शोधा. त्या दिवशी गेटवर उभ्या असलेल्या सगळ्या मुलांना एकाच कागदाने निलंबित केलं तर कुलूप लावणारा गर्दीत सुटतो आणि नुसती बघत उभी राहिलेली मुलगी शिक्षा भोगते. प्रत्येकाला स्वतंत्र नोटीस द्या, त्याने काय केलं ते त्यात लिहा, चित्रीकरण असेल तर दाखवा. जे प्राचार्य त्या दिवशी आत अडकले होते त्यांनी चौकशी समितीत बसू नये. त्यांना साक्षीदार म्हणून बोलवा. त्यांच्यावर माझा अविश्वास नाही, पण ज्याच्यावर प्रसंग ओढवला त्यानेच निवाडा केला तर तो निवाडा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात पहिल्याच तारखेला अडचणीत येतो. शिक्षा कृत्याच्या मानाने ठेवा. ताकीद, दंड, काही दिवसांचं निलंबन, नुकसानीची भरपाई, या सगळ्या पायऱ्या आहेत. वर्ष वाया घालवणं ही सर्वांत वरची पायरी आहे. आपल्या भागातली मुलगी एक वर्ष घरी बसली तर पुढच्या वर्षी ती कॉलेजात परत येत नाही, तिचं लग्न लागलेलं असतं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि शिष्यवृत्तीला हात लावू नका. महाडीबीटीवरचा अर्ज कॉलेजने तपासून पुढे पाठवायचा असतो. तो अडवणं ही शिस्तभंगाची शिक्षा म्हणून कुठेही लिहिलेली नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नव्हती, तरी लिहिते. महाराष्ट्रात कॉलेजांतल्या थेट विद्यार्थी निवडणुका १९९०च्या दशकापासून बंद झाल्या. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्या पुन्हा घेण्याची तरतूद केली. पण निवडून आलेला प्रतिनिधी ज्याच्याशी प्राचार्य टेबलावर बसून बोलतील, असा आज बहुतेक कॉलेजात नाही. मुलं थेट गेटवर येतात त्यामागे हेही कारण आहे. तुमच्या कॉलेजात महिन्यातून एकदा मुलांशी खुली बैठक सुरू करा. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

व्हॉट्सअॅप स्टेटसवरून कॉलेज काढून टाकू शकतं का?

स्टेटसमध्ये काय आहे त्यावर अवलंबून आहे, पण न ऐकता नाही. मे २०२५मध्ये पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून कॉलेजने काढलं आणि पोलिसांनी अटक केली. पोस्ट तिने आधीच काढून माफी मागितली होती. मुंबई उच्च न्यायालयाने तिला सोडायला लावलं, कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली आणि तिचं म्हणणं न ऐकताच तो काढल्याबद्दल कॉलेजला सुनावलं. तिला परीक्षेला बसता आलं. तरी वाचकहो, धर्म, जात, युद्ध यांवरचा संतापातला मजकूर रात्री फॉरवर्ड करू नका.

मी बारावीत आहे. सकाळची बस वेळेवर येत नाही म्हणून आम्ही मुलींनी स्टॉपवर बस अडवली. कॉलेज म्हणतं, बाहेर केलं तरी नाव आमचं खराब झालं, दाखल्यावर शेरा मारू.

तुझं वय अठराच्या आत असेल तर बाल न्याय कायदा २०१५ तुला लागू होतो. पोलीस तुला कोठडीत ठेवू शकत नाहीत, आणि पुढच्या आयुष्यात त्या प्रकरणाची अडचण होऊ नये अशी तरतूद त्यात आहे. आवाराबाहेरच्या गोष्टीवर कॉलेजला शिस्तभंग करायचा तर त्या गोष्टीचा कॉलेजशी संबंध दाखवावा लागेल. बसची मागणी म्हणजे कॉलेजला वेळेवर पोचण्याचीच मागणी. शेरा मारणार असाल तर तसं लेखी कळवा, असा अर्ज आईवडिलांच्या सहीने कॉलेजला दे. आणि बस पुन्हा अडवू नको. आत दवाखान्यात जाणारं कोणी असतं. आगार व्यवस्थापकांना सगळ्या मुलींच्या सह्यांचं निवेदन द्या, ग्रामपंचायतीचा ठराव जोडा.

आम्ही भामरागड तालुक्यातले, गडचिरोलीला आदिवासी मुलांच्या शासकीय वसतिगृहात राहून शिकतो. जेवणाच्या पैशांसाठी प्रकल्प कार्यालयावर गेलो होतो. गृहपाल म्हणतात, पुढच्या वर्षी तुमचे प्रवेश रद्द. आम्ही वकील कुठून आणणार?

वसतिगृह आदिवासी विकास विभागाचं आहे, विद्यापीठाचं नाही. त्यामुळे विद्यापीठाच्या समितीकडे जाऊन वेळ घालवू नका. गृहपालांकडे लेखी मागा, मग प्रकल्प अधिकारी, त्यावर नागपूरचे अपर आयुक्त. प्रवेश रद्द करण्याचा आदेश निघाला नसताना 'रद्द' म्हणणं ही निव्वळ धमकी आहे. आदेश निघालाच तर त्याआधी नोटीस यायला हवी होती.

पैशांचा प्रश्न तुमचा एकट्यांचा नाही. एप्रिल २०१८च्या शासन निर्णयाने वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यावर द्यायचं ठरलं, तेव्हा जुलैमध्ये राज्यभरातली आदिवासी मुलं त्याविरुद्ध पुण्याहून नाशिकला पायी निघाली होती. वाटेत पोलिसांनी त्यांना अडवलं. त्या मुलांनी जे सांगितलं तेच तुम्ही आज सांगताय: पैसे वेळेवर येत नाहीत आणि पोट तारखेची वाट बघत नाही. निवेदनात किती महिन्यांचे पैसे थकले ते प्रत्येकाच्या नावासमोर लिहा, पासबुकाच्या झेरॉक्स जोडा. घोषणांपेक्षा त्या झेरॉक्सना उत्तर देणं कार्यालयाला जड जातं.

वकील मोफत मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७च्या कलम १२प्रमाणे अनुसूचित जमातीच्या, अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. गडचिरोलीच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. साध्या कागदावर अर्ज चालतो, जातीचा दाखला जोडा. फोनवर १५१०० लावा. हायकोर्टात जायची वेळ आली तर नागपूरलाही अशीच समिती आहे, तीही वकील देते. जाताना सगळ्यांनी जाऊ नका, दोघांनी जा. बाकीच्यांची हजेरी बुडू देऊ नका, कारण ७५ टक्क्यांखाली गेली की कॉलेजच्या हाती आयतं कारण लागतं.